नुकतेच बघितलेले सिनेमे: घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काय काय आहे?

रानजाई

'नाळ २' बघितला एकदाचा. २०२३ च्या दिवाळीत थिएटरला लागला होता तेव्हा राहून गेलेला, आता घरी सगळ्यांनी मिळून बघितला, म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन्ही मुलं, आणि मला फार म्हणजे फार आवडलाय. पहिल्या 'नाळ'मध्ये (२०१८) मामा छोट्या चैत्याला सहज बोलून जातो की ही तुझी खरी आई नाही, आणि मग तो आईचं प्रत्येक वागणं तपासून बघायला लागतो, ते पोरगं तोंडाने फार काही बोलतच नाही, नुसतं बघत राहतं आणि आपल्या पोटात तुटतं. दुसऱ्यात तो जन्मदात्या आईच्या गावी येतो, तिथे त्याला चिमी आणि मणी अशी भावंडं भेटतात. चिमी काही त्याला पटकन जवळ करत नाही आणि सगळा सिनेमा त्या एवढ्याशा मुलीच्या रुसव्यावर उभा आहे. त्रिशा ठोसर नाव तिचं. काय काम केलंय त्या पोरीने! कुठेही 'बघा मी किती गोड' असं नाही. राग आला की खरा राग आलाय असंच वाटतं.

मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली ती लिहिते. ज्या सिनेमात लहान मुलाला मोठ्यांना शहाणपण शिकवायला उभं करतात ना, तिथे माझा इंटरेस्ट संपतो. आठ वर्षांचं मूल एकदम तत्त्वज्ञान बोलायला लागतं, बाबांचे डोळे भरून येतात, मागे व्हायोलिन. नाळच्या दोन्ही भागांत हे नाहीये. सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे कॅमेरामन, 'सैराट'चा कॅमेरा त्यांचाच, आणि त्यांना माहितीये की मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून शांत बसायचं. आमच्याकडे सासूबाई एका कारणासाठी रडल्या, मुलगा वेगळ्याच जागी गप्प झाला, आणि धाकटीला फक्त चिमीचं बरोबर आहे असं वाटत होतं. एकाच सिनेमात तिघांना तीन वेगवेगळी माणसं सापडली. मला वाटतं सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा सिनेमा म्हणजे हाच, नुसतं 'त्यात वावगं काही नाही' एवढ्याने भागत नाही.

तुम्ही अलीकडे काय बघितलंत? जुनंही चालेल.

गप्पिष्ट

अगदी अगदी. नाळ २ ला ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम बालचित्रपटाचा पुरस्कार मिळाला, आणि त्रिशा, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप अशा तिघांनाही बालकलाकाराचा. ती साडी नेसून पुरस्कार घ्यायला गेलेली चिमुरडी ती हीच. श्रीनिवासला तर पहिल्या नाळसाठीही मिळालेला. पहिल्या भागात म्हशीचं रेडकू मरतं आणि पेंढा भरून तिच्यापुढे उभं करतात तो भाग आठवतोय का, म्हशीने दूध द्यावं म्हणून. त्या पोराच्या मनात काय चाललंय ते न बोलता त्यातून कळतं. मला अजून तो प्रसंग डोळ्यासमोरून जात नाही.

चांदणवेल

नाळ चांगलाच आहे, वाद नाही, पण मी जरा दुसऱ्या बाजूने बोलते. आमच्या ग्रुपने 'बाईपण भारी देवा' परत लावला होता. लोक म्हणतात भडक आहे, सीरियलसारखा आहे, प्रत्येक बहिणीला एकेक प्रॉब्लेम वाटून दिलाय. असेल. पण जून २०२३ च्या शेवटी तो लागला तेव्हा बायका नऊवारी नेसून, ग्रुप करून थिएटरला जात होत्या, ज्यांनी कित्येक वर्षांत स्वतःसाठी तिकीट काढलं नव्हतं अशा बायका. हे काय उगाच होतं का? रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब, या सहाजणींपैकी एकही पंचविशीतली नाही आणि सिनेमा त्यांच्याच नावावर चालला, हिरो नाहीच. मेनोपॉज हा विषय घरात कोणी बोलत नाही तो तिथे हसतखेळत आला आणि माझ्या आईने पहिल्यांदा आमच्यासमोर त्यावर दोन वाक्यं बोलली. एवढं ज्या सिनेमाने केलं त्याच्या भडकपणाला मी माफ करते, आणि भडक असला तरी तो खोटा नाहीये हे महत्त्वाचं.

म्हणून रानजाई, शांत सिनेमा तेवढा चांगला असं नको म्हणूया गं.

रानजाई

नाही गं, तसं नाहीच म्हणायचं मला. मंगळागौरीची प्रॅक्टिस चालते आणि कोणाला दम लागतो, कोणाचा गुडघा दुखतो, ते सगळं मला पण मनापासून आवडलेलं. माझा आक्षेप आवाजाला नाही, माणसाचं सोंग करण्याला आहे. त्या बहिणी बहिणींसारख्याच भांडतात, अबोला धरतात, जुनी उणीदुणी काढतात. तेवढं पुरे आहे मला.

मध्यंतर

मी 'दशावतार' बघून आलो आणि त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. दिलीप प्रभावळकर. सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा त्यांचं वय ८१. कोकणातला म्हातारा दशावतारी कलाकार, बाबुली मेस्त्री, नजर कमी होत चाललीये, मुलगा म्हणतो बाबा आता पुरे, आणि ह्या माणसाचा पाय रंगमंचावरून निघत नाही. पहिला अर्धा भाग बापलेकाचा आहे आणि तो इतका सुंदर आहे की मी दोन्ही मुलांना म्हटलं बघा, अभिनय म्हणजे हे. मेकअप उतरवताना आणि चढवताना त्या चेहऱ्यात जो फरक पडतो, खांदे बदलतात, मान बदलते, चालण्याचं वजन बदलतं, ते मी बघतच बसलो. दिसत कमी असलेला माणूस स्टेजवर सवयीने कसा वावरेल, पाय आधी जमीन चाचपतो आणि मग अंग पुढे जातं, इतका बारीक विचार केलाय त्यांनी.

आणि गंमत बघा, हाच माणूस १९९३ ला 'झपाटलेला'मधला तात्या विंचू. हाच 'चौकट राजा'तला नंदू, १९९१. हाच २००६ ला मुन्नाभाईबरोबरचे गांधीजी. चिमणराव पण हेच आणि टिपरे आजोबा पण हेच. माझ्या तीन पिढ्यांना हा माणूस तीन वेगळ्या नावांनी माहिती आहे, आईला चिमणराव, मला तात्या विंचू, मुलांना आता बाबुली. असं दुसरं नाव मला तरी आठवत नाही.

दुसऱ्या भागात मात्र सूडाची गोष्ट सुरू होते, खाण, जंगल, देवराई, सगळं मोठं होत जातं. सुबोध खानोलकरांनी ते दशावताराच्या सोंगांमधूनच दाखवलंय ही आयडिया जबरदस्त आहे आणि थिएटरमध्ये शिट्ट्या पण पडल्या. पण मला तो पहिला बाप हवा होता. तो हरवला थोडा.

पहिली रांग

मध्यंतर, दुसऱ्या भागाबद्दल शंभर टक्के असहमत. तो बाप हरवत नाही, तोच तर सोंग घेऊन उतरतो. आयुष्यभर ज्याने देवाचं सोंग घेतलं त्याच्याकडे लढायला दुसरं आहेच काय? कोर्टकचेरी त्याला जमणार नाही, पैसा नाही, डोळे नाहीत. कला आहे. त्यामुळे मला ते अगदी आतून आलेलं वाटलं. हां, लांबी थोडी कमी चालली असती, हे मान्य.

मला उलट राग येतो तो मध्यंतरानंतर अचानक भाषण सुरू करणाऱ्या सिनेमांचा. पहिला तास छान घरगुती, हलकंफुलकं, आणि मग कोणीतरी एक पात्र माईक, कोर्ट किंवा स्टेज पकडतं आणि दहा मिनिटं समाजाला सुनावतं. ते दशावतारमध्ये नाहीये.

मध्यंतर

सोंगाचा मुद्दा पटला. तरी परत बघितला तर मी पहिल्या तासासाठीच बघीन :)

कडुनिंब

भाषणाचा विषय निघालाय तर 'आता थांबायचं नाय' बद्दल लिहितो, कारण त्यात भाषणाला भरपूर जागा होती आणि तरी त्यांनी मोह आवरलाय. १ मे २०२५ ला आला, शिवराज वायचळचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. मुंबई महानगरपालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी, सफाईची कामं करणारी माणसं, रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात, आणि हे खरं घडलेलं आहे. आशुतोष गोवारीकर त्यात अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत, ज्याने ह्या लोकांना परत शाळेत बसवलं.

भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव ह्या दोघांना आपण कायम पळताना, ओरडताना, टायमिंग मारताना बघितलंय. इथे त्यांना बाकावर बसवलंय, समोर गणिताचं पुस्तक, आणि पेन हातात नीट धरता येत नाही. पन्नाशीचा माणूस, दिवसभर काम करून आलेला, अंगाला वास येतोय का ह्याची लाज, पोरांच्या वयाच्या शिक्षकासमोर चुकायची लाज, आणि तरी उठून उत्तर देतो. मला वाटतं शिक्षणावरच्या सिनेमांत आपण नेहमी हुशार गरीब मुलगा बघतो, ज्याला फक्त संधी हवी असते. इथे कोणी छुपा हुशार नाहीये, साध्या माणसांना साधं पास व्हायचंय. पस्तीस टक्के. त्या पस्तीस टक्क्यांसाठी मी थिएटरमध्ये मुठी आवळून बसलो होतो, फायनल मॅच बघताना पण एवढा ताण येत नाही.

माझे वडील सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. सिनेमा संपल्यावर ते म्हणाले इंग्रजीचा पेपर मलाही जड गेला असता, आणि मग घरी येईपर्यंत त्यांच्या शाळेबद्दल बोलत होते, मास्तरांची नावं, कोण कुठे बसायचं, सगळं. मी हे कधी ऐकलं नव्हतं. म्हणून मी हा सिनेमा भेटेल त्याला सांगत सुटलोय.

चांदणवेल

कडुनिंब, वाचून डोळ्यात पाणी आलं हो. लावतेच ह्या रविवारी, बाबांनाही बसवते.

सायंतारा

'१२वी फेल'पण ह्याच माळेतला म्हणता येईल, २०२३ चाच, पण त्यातला मुलगा शेवटी आयपीएस होतो म्हणजे शिखर गाठतोच. कडुनिंब म्हणतात तो फरक महत्त्वाचा आहे. तरी विधु विनोद चोप्रांनी जे चंबळमधलं घर दाखवलंय, आजीने साठवलेले पैसे नातवाच्या हातात देते तो भाग, तो मी विसरू शकत नाही. विक्रांत मॅसी सुरुवातीला ज्या खालच्या आवाजात आणि वाकून बोलतो, तो आवाज हळूहळू सरळ होत जातो. सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ह्या सिनेमाला मिळाला ते योग्यच झालं.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. मुलगी तेरा वर्षांची झालीये, माझ्याबरोबर काहीही बघायला तयार नसते. काय लावू?

रानजाई

सायंतारा, 'इनसाइड आउट २' लाव, डोळे मिटून. त्यातली रायली पण तेराच वर्षांची आहे. पहिला भाग २०१५ चा, त्यात आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस अशा पाचच भावना तिच्या डोक्यात असतात, दुसऱ्यात (२०२४) नव्या येतात आणि त्यातली चिंता सगळा ताबा घेते. सगळ्यात भारी म्हणजे चिंतेला व्हिलन केलेलं नाहीये, ती बिचारी मुलीचं भलंच करायला धडपडतीये, उद्या काय वाईट होईल ह्याची तयारी करतीये, आणि त्या तयारीतच मुलीची वाट लागते. शेवटी हॉकीच्या मैदानाकडेला रायली एकटी बसते, श्वास लागत नाही, छाती धडधडते, आणि मग हाताखालचं लाकूड तिला जाणवतं, ऊन जाणवतं, श्वास हळूहळू खाली येतो. कोणी काही समजावत नाही तिला. मुलांना पॅनिक अटॅक म्हणजे काय ते मी ह्याहून चांगलं समजावू शकले नसते. त्यानंतर मोठा मुलगा आपणहून म्हणाला मलाही परीक्षेआधी असं होतं. मी फक्त हं म्हटलं आणि ऐकलं.

फक्त एक सांगते, सिनेमा संपल्या संपल्या 'बघ तुझ्यासारखीच आहे' असं म्हणू नकोस. तिचं तिला येऊ दे.

सायंतारा

नाही म्हणणार :) थँक्यू गं.

गप्पिष्ट

'लापता लेडीज'चं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? तेरा-चौदाच्या मुलींना तो पण दाखवा. गोष्ट २००१ मधली, ट्रेनमध्ये दोन नवऱ्या, दोघींच्या डोक्यावरून लांब घुंगट, आणि नवरा भलतीचाच हात धरून उतरतो. एवढ्या एका घोळावर किरण राव काय काय सांगून जातात! आणि आपली छाया कदम, स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई, कोणाला सल्ला द्यायला बसलेली नाहीये ती, कामाला लावते मुलीला, पैसे हातात ठेवते, झालं. रवी किशनचा पोलीस पण, पान खात खात लाच मागणारा, शेवटी असा वागतो की सगळं घर टाळ्या वाजवतं. आमच्याकडे वाजवल्या.

हलका सिनेमा म्हणजे कमी दर्जाचा असं ज्यांना वाटतं त्यांनी बघावा. हसवत हसवत बोलायचं असेल तर स्क्रिप्ट जास्त घट्ट लागतं.

पहिली रांग

+१. आणि हसवण्यावरून परेश मोकाशी. 'एलिझाबेथ एकादशी' मुलांना दाखवला का कोणी? २०१४ चा. पंढरपूर, वारीची गर्दी, वडील गेलेले, आईचं विणकामाचं मशीन कर्जापायी जप्त, आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ येते. मुलं आईला न सांगता बांगड्यांचं दुकान टाकतात. गरिबीवरचा सिनेमा आहे आणि एकदाही कीव येत नाही, मजा येते, त्या गण्याच्या तोंडी शिव्या आहेत त्यावरून काही पालक नाराज होतात पण तशा वस्तीतली पोरं तशीच बोलणार ना. ज्ञानेशला न्यूटन आणि तुकाराम दोन्ही सारखेच जवळचे वाटतात हे मला फार आवडतं. ह्याच माणसाने 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' केला आणि ह्यानेच 'वाळवी', म्हणजे रेंज बघा. वाळवी मात्र लहान मुलांबरोबर नको, खुनाचा प्लॅन आहे.

कडुनिंब

शिव्यांचं माझं पण तेच मत. मुलं शाळेत ह्याहून जास्त ऐकतात. पण भुताचे आणि मारामारीचे सिनेमे मी लहानांना दाखवत नाही. 'झपाटलेला' आम्ही पाच वर्षांच्या पुतणीसमोर लावला, आम्हाला लक्ष्याचं आणि महेश कोठारेंचं प्रेम, हसायचाच सिनेमा आहे असं डोक्यात, आणि ती त्या बाहुल्याचे डोळे हलताना बघून जी बिलगली ती सोडेचना. रामदास पाध्यांनी तो बाहुला केलाच इतका जिवंत आहे. लावायचा असेल तर आठ-नऊ वर्षांनंतर लावा, तेव्हा भीतीची पण मजा येते.

त्यापेक्षा 'अशी ही बनवाबनवी' कुठल्याही वयाला चालतो. १९८८ चा सिनेमा, आज पुतणीला डायलॉग पाठ आहेत. तिला भाड्याच्या खोलीची अडचण वगैरे काही कळत नाही, पण अशोक सराफ खोटं बोलताना आधी अर्धा सेकंद थांबतात ते तिला बरोबर कळतं आणि ती त्याच्या आधीच हसायला लागते.

चांदणवेल

तो अर्धा सेकंद! बरोब्बर. आणि लक्ष्मीकांत पार्वती होऊन वावरतो तेव्हा तो नुसता साडी नेसलेला पुरुष वाटत नाही, त्या बाईला स्वतःचा स्वभाव आहे, लाजते, चिडते. आजच्या कॉमेडीत साडी नेसवली की काम झालं असं समजतात, म्हणून ते बघवत नाही.

सायंतारा

लेकीबरोबर इनसाइड आउट २ बघितला. काही बोललो नाही आम्ही. रात्री तिने स्वतःच विचारलं की असंच अजून काही आहे का, मराठी चालेल. मराठी चालेल म्हणाली!! लवकर सांगा.

रानजाई

'किल्ला'. अविनाश अरुणचा, दिग्दर्शन आणि कॅमेरा दोन्ही त्याचंच. बर्लिनला २०१४ मध्ये मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळाला आणि तो पुरस्कार देणारे ज्युरी स्वतः मुलंच असतात, मला ते जास्त मोलाचं वाटतं. वडील गेलेत, आईची बदली होऊन चिन्मय पुण्याहून कोकणात आलाय, अकरा वर्षांचा, नवी शाळा, कोणी ओळखीचं नाही. पावसात मित्र त्याला किल्ल्यावर एकट्याला सोडून निघून जातात, तो हाका मारत फिरतो, आणि कोणी नाही. त्यानंतर तो त्यांच्याशी बोलत नाही. माफी मागा वगैरे सीन नाहीच, मुलं जशी परत हळूहळू एकत्र येतात तशी येतात. पार्थ भालेरावचा बंड्या बघच, वर्गात एक तरी असा असतोच. आणि अमृता सुभाषची आई, ऑफिसात त्रास, घरी मुलगा बोलत नाही, तिलाही कोणी नाही. तुला तिच्यात स्वतःचं काही दिसेल, लेकीला चिन्मयमध्ये दिसेल. मोठ्या स्क्रीनवर लाव, मोबाईलवर नको, त्यातला पाऊस आणि समुद्र वाया जातो. आणि सुरुवातीची वीस मिनिटं संथ आहेत, तेव्हा ती उठून गेली तरी हाक मारू नकोस, तू बघत बस.

सायंतारा

डन. शनिवारी लावते, रविवारी इथे लिहिते.